शंभर वर्षांची वहिवाट आणि माहेरचा सातबारा

ऐरोली येथील एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे माहेर भिवंडी तालुक्यात असून तेथे घराण्याची पावणेतीन एकर भातशेती आणि तिच्या लगत थोडी वरकस, म्हणजे भात न होणारी माळाची, जमीन आहे. वडील सहा वर्षांपूर्वी वारले आणि तेव्हापासून शेतीचे सर्व काम दोघे भाऊ व भावजया पाहतात. अमेरिकेत नोकरीस असलेल्या भाच्याने आयोवा राज्यातील एका शेताच्या फाटकावरील पाटीचे छायाचित्र त्यांना पाठवले. हे शेत शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाकडे आहे, असे त्या पाटीवर शासकीय मान्यतेने लिहिलेले होते. ते पाहून भगिनींनी यंदा गणपतीत माहेरी गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून घेतली. त्या पेटीत मोडी लिपीतील खंडाच्या, म्हणजे जमीनमालकाला दिलेल्या पिकाच्या वाट्याच्या, पावत्या, कुळकायद्याचे ‘३२ म’ प्रमाणपत्र आणि बरेच जुने सातबारा उतारे निघाले.

त्यांचे प्रश्न असे आहेत. अशी मान्यता आपल्याकडे मिळते का, कारण कृषी कार्यालयात विचारले असता ‘अशी योजनाच नाही’ असे उत्तर मिळाले. पणजोबा कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, होते आणि मालकी कुळकायद्यानंतर आली, तर शंभर वर्षे धरायची कोठून? अशा मान्यतेमुळे गोदामांसाठी जमीन मागणारे दलाल आणि रस्त्यांसाठी होणारे भूसंपादन यांपासून शेत वाचेल का? पत्राच्या शेवटी त्यांनी जे लिहिले आहे, ते त्यांच्याच शब्दांत देतो: “धाकटी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, ताई, इतक्या वर्षांनी कागद कशाला काढता? त्या दिवसापासून भाऊ फोनवर नीट बोलत नाहीत, आणि आता हक्कसोडपत्रावर सही कधी करतेस असे विचारू लागले आहेत.”

ताई, सादर नमस्कार.

कृषी कार्यालयाने आपल्याला दिलेले उत्तर बरोबर आहे. एखादी शेतजमीन किती पिढ्या एकाच घराकडे आहे, एवढ्याच निकषावर प्रमाणपत्र देणारी योजना आपल्या राज्यात नाही. कृषी विभागाचे कृषिरत्न, कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, शेतीनिष्ठ शेतकरी, उद्यान पंडित असे पुरस्कार आहेत, परंतु ते प्रयोगशीलता, उत्पादन आणि इतरांना केलेले मार्गदर्शन पाहून दिले जातात. आजोबांनी, वडिलांनी आणि आता भावांनी तेच खाचर दरवर्षी चिखलून लावले, याची दखल घेणारा रकाना त्या अर्जात नसतो. ही उणीव खरी आहे आणि ती आपल्याला खटकली हे मला योग्यच वाटते.

भाच्याने पाठवलेल्या पाटीमागची व्यवस्था मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचे निकष जसेच्या तसे आपल्या शेताला लावू गेलो तर आपण पहिल्याच पायरीवर बाद होतो. अमेरिकेत शतकी शेतांचा गौरव करण्याची प्रथा न्यूयॉर्क राज्यातील कृषी सोसायटीने १९३७ मध्ये सुरू केली आणि पुढे ती अनेक राज्यांनी उचलली. आयोवाने हा कार्यक्रम १९७६ मध्ये, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी आणला आणि २००६ पासून दीडशे वर्षे पूर्ण केलेल्या शेतांसाठी वेगळी श्रेणीही ठेवली. तेथील अट अशी की, मूळ जमिनीपैकी किमान ४० एकर जमीन शंभर किंवा अधिक वर्षे सलग त्याच कुटुंबाच्या मालकीची असली पाहिजे. मिनेसोटा राज्यात हीच मर्यादा ५० एकर आहे. पात्र कुटुंबाला प्रमाणपत्र आणि फाटकावर लावण्याची पाटी मिळते, आयोवात तर राज्याच्या वार्षिक जत्रेत समारंभपूर्वक सत्कारही होतो. हा सगळा मानाचा भाग आहे; त्याने मालकी हक्कात काही भर पडत नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही पाण्याच्या जमिनीची मर्यादाच १८ एकरांवर आणून ठेवली आहे. ज्या देशात ४० एकर ही किमान अट असू शकते त्या देशाचे मोजमाप घेऊन आपले पावणेतीन एकर मोजण्यात अर्थ नाही. तेव्हा क्षेत्रफळाचा विचार सोडून द्यावा. मालकीच्या अटीचा प्रश्न अधिक खोल आहे आणि आपल्या पेटीतील कागदांचे खरे मोल तेथेच आहे.

आपले पणजोबा कूळ होते, असे आपण काहीशा संकोचाने लिहिले आहे. तसा संकोच करण्याचे कारण नाही. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या जुन्या जिल्ह्यांतील भातशेतीचा मोठा भाग खोत, इनामदार, सावकार आणि गैरहजर जमीनमालक यांच्या नावावर होता आणि कसणारी घरे खंड भरत होती. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेते न कसता संप केला तो या व्यवस्थेविरुद्धच होता. पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ, ठरलेले अपवाद वगळता, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मग कलम ३२ ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवली, कुळाने ती हप्त्यांनी भरली आणि भरणा पूर्ण झाल्यावर कलम ३२ म खालील प्रमाणपत्र मिळाले. आपल्या हाती आलेला कागद तो हाच.

याचा परिणाम असा की केवळ मालकीची तारीख धरली तर आपल्या घराण्याचा इतिहास १९५७ नंतर सुरू होतो आणि त्याआधी ज्यांनी शेतात पाऊलही न ठेवता खंड घेतला त्यांचाच इतिहास लांब ठरतो. शंभर वर्षे राबलेले घर बाजूला राहून खंड वसूल करणाऱ्याचे घर शतकी ठरावे, हे कोणत्याही गौरव योजनेला शोभणारे नाही. म्हणून माझे मत असे आहे की, उद्या शासनाने किंवा एखाद्या जिल्हा परिषदेने अशी योजना आणायची ठरवली तर तिचा निकष ‘मालकी’ हा नसून ‘सलग कसणूक’ हा असला पाहिजे, आणि आपणही आपले शतक कसणुकीवरूनच मोजावे. १९२३ सालची खंडाची पावती आपल्याकडे आहे असे आपण लिहिता. तो कागद मालकीचा पुरावा नाही. पण त्या साली ते खाचर आपल्या पणजोबांच्या हाताखाली होते आणि त्यांनी त्यातून भात पिकवून मोजून दिले, हे दाखवणारा त्याहून चांगला कागद मिळणे कठीण आहे.

सलग कसणूक सिद्ध करायची तर पावत्यांच्या पुढचे दुवे जोडावे लागतील. महाराष्ट्रात यासाठी जी साधने आहेत ती जगातील फार थोड्या प्रदेशांत असतील. सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून होतो. साताचा भाग जमीन कोणाच्या नावावर आहे हे सांगतो आणि बाराचा भाग त्या वर्षी कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते, हे सांगतो. लोक साताचा भाग डोळ्यांत तेल घालून वाचतात आणि बाराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपण नेमके उलट करावे. जुन्या उताऱ्यांच्या बारा क्रमांकाच्या भागात वर्षामागून वर्ष ‘भात’ अशी नोंद आहे का, कसणाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, मध्येच एखाद्या साली ‘पड’ लिहिले आहे का, हे पाहून वर्षवार तक्ता करावा. एखाददुसरे वर्ष पड असले म्हणून वहिवाट तुटली असे मानू नये. दुष्काळ, आजारपण, बैल मेला, अशी कारणे घरातील वडीलधाऱ्यांना आजही आठवत असतील आणि ती तक्त्याशेजारी लिहून ठेवण्यासारखी असतात.

नावे एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली हे गाव नमुना सहामधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील नोंदींवरून कळते. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात जे आकडे दिसतात, ते या फेरफारांचेच क्रमांक असतात. त्या क्रमांकांचा माग काढत मागे गेले की वारस नोंद, वाटणी, कर्जाचा बोजा, ३२ ग चा आदेश, अशी घराण्याची सगळी हकीकत एकेका परिच्छेदात हाती येते. ठाणे जिल्ह्यातील जुने सातबारे आणि फेरफार यांतील बराच भाग स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर उपलब्ध झाला आहे. जे तेथे मिळणार नाही, ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळवावे. मोजणीचे जुने नकाशे आणि टिपणे भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मिळतात. मोडी पावत्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी मोडी दप्तरे उघडली गेल्याने मोडी वाचणाऱ्यांना बऱ्याच काळाने काम आणि मान दोन्ही मिळाले आहेत, त्यामुळे असा जाणकार ठाण्यात शोधणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

जुन्या उताऱ्यात आपल्याला बहुधा आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतील. त्याचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा आहे. जमीन सर्व भावांची असली तरी नाव थोरल्याचेच लावण्याची ती रीत होती. ती अक्षरे संगणकीकरणाच्या वेळी किंवा मधल्या एखाद्या पुनर्लेखनात गळली असतील, तर धाकट्या चुलत आजोबांच्या शाखेचा हक्क कागदावरून नाहीसा झाल्यासारखा दिसतो आणि पुढे त्यावरून दावे उभे राहतात. आपल्या बाबतीत तसे आहे का, हे पाहून ठेवावे. तसेच ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘कु.का.क. ४३ चे बंधनास पात्र’ असा शेरा असण्याची दाट शक्यता आहे. कुळकायद्याने मिळालेली जमीन परवानगीवाचून विकता येत नाही, असा त्याचा अर्थ. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. ३२ म प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा शासनाकडे भरून ती जमीन शेतकऱ्याला विकता येते. जमिनीचा आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे ही रक्कम क्षुल्लक ठरते. दलालांना हे चांगले ठाऊक असते. आपल्या घरात ते सर्वांना ठाऊक असावे म्हणून लिहिले.

येथून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. मानाच्या मान्यतेने जमीन वाचत नाही. आयोवातील पाटीनेही तसे होत नाही आणि आपल्याकडे तशी पाटी आली तरी तिने होणार नाही. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन हवी असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा किंवा महामार्गाचा स्वतंत्र कायदा लागू होतो. त्यांत घराणे किती जुने आहे हा मुद्दाच येत नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो, त्यामुळे संपादनाची भाषा आपल्याला नवी नसावी. गोदामवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे कोणी जबरदस्ती करत नाही. तेथे घरातील एखाद्याची सही मिळवली जाते. या विक्रीची सुरुवात पुष्कळदा वरकसापासून होते. ‘ती माळरानाची जमीन, तिच्यात पिकते काय,’ असे म्हणून ती आधी जाते, तेथे मुरमाचा भराव पडतो, पावसाचे पाणी अडते आणि खालच्या खाचरात भात उभे राहीनासे होते. मग दोन वर्षांत खाचरही विकावे लागते. आपल्या आजीच्या काळी याच वरकसावरचा पालापाचोळा आणि टहाळ आणून भाताच्या रोपांसाठी राब भाजला जात होता, नाचणी-वरी होत होती आणि जनावरांचे गवत येत होते. भातशेती आणि वरकस ही एकाच शेतीची दोन अंगे आहेत, असे भावांना पटवता आले तर ते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

कागद नीट असण्याचा उपयोग जमीन राहिली तरी होतो आणि गेली तरी होतो. आपण ऐरोलीत राहता म्हणून हे उदाहरण देतो. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित करण्याचे ठरले. आज जेथे सेक्टर आणि टॉवर आहेत तेथे खाडीकाठची भातखाचरे आणि मिठागरे होती. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे बळी गेले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या योजनेत भूखंड मिळवताना ज्या घरांचे जुने सातबारे, वारस नोंदी आणि निवाड्याच्या नकला जागेवर होत्या त्यांचे काम सुकर झाले, आणि ज्यांच्या नोंदी आजोबांच्या नावावरच अडकल्या होत्या त्या घरांत भावाभावांत, भावाबहिणींत वर्षानुवर्षे तंटे चालले. तेथील शेती आता पुन्हा होणे नाही. तरी ‘आम्ही येथले शेतकरी होतो’ हे शासनाला मान्य करायला लावणारी गोष्ट शेवटी त्या नोंदीच ठरल्या.

आता आपल्या घरातील नाजूक विषयाकडे येतो. धाकट्या वहिनींचे बोलणे आपल्याला लागले हे साहजिक आहे. तरी त्यांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. सहा वर्षे वडिलांच्या नावाची वारस नोंद झालेली नाही, आजूबाजूला एकरी भाव ऐकून छाती दडपावी अशी स्थिती आहे, आणि अशा वेळी सासरी सुखाने नांदणारी नणंद अचानक माळ्यावरची पेटी उतरवते. आपण शंभर वर्षांच्या गौरवाचा विचार करत होता हे त्यांना कसे कळावे? आपला हेतू आधी सांगून मग पेटी उघडली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते. ते अजूनही करता येईल. कागदांच्या छायाप्रतींचे तीन संच करावेत, एक आपल्याकडे व एकेक दोन्ही भावांकडे द्यावा आणि मूळ कागद आईच्या ताब्यात, त्याच घरात राहू द्यावेत. मूळ कागद ऐरोलीला आणू नयेत. आणले असतील तर परत नेऊन द्यावेत.

याच वेळी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. घरातील शांतता विकत घेण्यासाठी घाईने हक्कसोडपत्रावर सही करू नये. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगी पहिल्या वर्गातील वारस आहेच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना दिला आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. कुळकायद्याने आजोबांना मिळालेली जमीन एकत्र कुटुंबाची धरायची की त्यांची स्वतंत्र, यावर हिश्शाचे प्रमाण बदलू शकते. त्यासाठी दिवाणी कामे करणाऱ्या वकिलांना सर्व कागद दाखवावेत. हिस्सा घ्यायचा की भावांना सोडायचा हा निर्णय पूर्णतः आपला आहे आणि प्रेमाने सोडणाऱ्या बहिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मात्र सोडायचा असेल तर आधी आपले नाव वारस म्हणून लागावे, हिस्सा किती हे समजावे, आणि मग नोंदणीकृत दस्ताने, कोणाच्याही दडपणाशिवाय तो सोडावा. शेती मोडली जाऊ नये ही आपली इच्छा असेल तर एक मधला मार्गही आहे: नाव राहू द्यावे, उत्पन्न भावांनी घ्यावे आणि विक्रीचा प्रश्न येईल तेव्हा आपली संमती लागावी. ‘घरातील एखाद्याची सही’ असे मी वर लिहिले ती सही आपल्यालाही मागितली जाईल, हे लक्षात असू द्यावे.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासह आणि सर्व वारसांच्या नावांच्या प्रतिज्ञापत्रासह करायचा असतो. आईचे आणि सर्व बहिणींचे नाव त्यात आले पाहिजे. नोटिशीचा पंधरा दिवसांचा काळ गेला आणि हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राबवली, यावरून अशी किती घरे राज्यात असतील याची कल्पना यावी. भावजयांच्या बाबतीतही एक सुचवावेसे वाटते. पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना १९९२ पासून आहे. आवणी, बेणणी आणि झोडणीपर्यंतचे अर्धेअधिक काम भावजया करतात आणि बाराच्या रकान्यात नाव मात्र भावांचे येते. आपणच पुढाकार घेऊन त्यांच्या नावाचा आग्रह धरलात, तर कागद कशाला काढले, या प्रश्नाचे उत्तर धाकट्या वहिनींना वेगळे द्यावे लागणार नाही.

आपल्या पत्रात ओझरता आलेला एक उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटला. आई अजूनही एका कोपऱ्यातील खाचरात गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, लाल भाताचे जुने वाण लावते, बाळंतिणीच्या पेजेसाठी ते लागते म्हणून त्याचे बी दरवर्षी राखून ठेवते, असे आपण लिहिले आहे. शासनाची अधिकृत मान्यता मिळवण्याचा सर्वांत खुला मार्ग कदाचित याच कोपऱ्यातून जातो. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातील जुनी वाणे कोणती, ती कोणाकडे आहेत आणि त्यांचा उपयोग काय, याची नोंद त्या वहीत होते. आईच्या भाताची नोंद तीत करून घ्यावी. त्यापुढची पायरी म्हणजे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदणी. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क पडत नाही, आणि जुनी वाणे जतन करणाऱ्या शेतकऱ्यांना व समूहांना त्या प्राधिकरणाकडून पुरस्कारही दिले जातात. वाणाची शुद्धता, उंची, दिवस यांची माहिती भरताना कर्जतच्या भात संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांचे साहाय्य मागता येईल. शेजारच्या वाडा तालुक्यातील कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो मान एका घराचा नसून त्या भागातील उत्पादकांचा असतो, पण घरोघरी बी टिकले म्हणूनच तो मिळू शकला.

भाच्याने संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेविषयीही विचारले आहे. अन्न व कृषी संघटना २००२ पासून जागतिक महत्त्वाच्या कृषी वारसा पद्धतींना मान्यता देते आणि भारतातील काश्मीरची केशरशेती, ओडिशातील कोरापूट व केरळमधील समुद्रसपाटीखालची कुट्टनाड शेती त्या यादीत आहेत. ती मान्यता संपूर्ण प्रदेशाच्या शेतीपद्धतीला असते, एकेका कुटुंबाला नव्हे. ठाणे-रायगडच्या खाडीकाठावरील बांध आणि उघाड्यांच्या (पाणी सोडण्याच्या दारांच्या) खारशेतीचा तशा यादीसाठी कोणी अभ्यास केला तर मला आनंद होईल, पण ते काम आपल्या एका घराचे नाही.

राहता राहिली पाटी. ती हवीच असेल तर तिचा अधिकार गावाकडेच आहे. ग्रामसभेने ठराव करून, शंभर किंवा अधिक वर्षे सलग शेती कसणाऱ्या गावातील सर्व घरांची नोंद घ्यावी आणि त्यांचा सत्कार करावा, असा अर्ज आपल्या भावांच्या सहीने ग्रामपंचायतीकडे द्यावा. अर्ज आपल्या एकट्या घरासाठी नसावा. गावात अशी आणखी घरे असणारच, आणि एकाच घराचा सत्कार ही गावात वैर वाढवण्याची खात्रीशीर रीत आहे. निकष सोपे ठेवावेत: जमिनीचे क्षेत्र कितीही असो, मालक असो वा कूळ, आणि ज्यांची जमीन संपादनात गेली त्यांनाही संपादनाच्या दिवसापर्यंतची वर्षे मोजून मान मिळावा. पुराव्यासाठी जुने सातबारे व फेरफार, आणि ते नसतील तेथे खंडाच्या पावत्या व दोन वृद्ध शेजाऱ्यांचे जबाब चालावेत. नोंदीत घरातील कर्त्या पुरुषाबरोबर त्या त्या पिढीत शेत कसणाऱ्या स्त्रियांची नावेही लिहावीत, अशी सूचना अर्जातच घालावी. ती नंतर कोणाला सुचत नाही.

ग्रामसभा प्रथेप्रमाणे २६ जानेवारीला भरेल. विषय पत्रिकेवर यायचा तर अर्ज डिसेंबरमध्येच सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे पोहोचला पाहिजे. त्याआधी वारस नोंदीचा अर्ज झालेला असावा, म्हणजे सभेत कोणी ‘आधी सातबाऱ्यावर नाव कोणाचे ते सांगा’ असे विचारले तर भावांना अडखळावे लागणार नाही. दोन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि मोडी पावत्या तोवर लॅमिनेशनला देऊ नयेत. कोऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात.